कुळ्याचा बँकर कॅसलरॉकला सुटत नाही: रिमोट अनकपलिंग ट्रॅकचं वायरिंग

कुळ्याचा बँकर

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज धागा काढतोय कारण परवा पहाटे साडेतीनला बायकोने हलवून उठवलं. "काहीतरी जळतंय." स्वयंपाकघर बघितलं, इन्व्हर्टर बघितला, काही नाही. शेवटी वासामागे चालत लेआउटच्या, म्हणजे माझ्या मॉडेल रेल्वेच्या, खोलीत गेलो. कॅसलरॉक स्टेशनाच्या फळीखालची अनकपलिंगची (डबे सोडवणाऱ्या चुंबकाची) कॉइल तापून तापून खलास झाली होती. वरच्या रुळाचे सात स्लीपर मेणासारखे बसले होते आणि त्यांच्यावरची वाघीण (मालडबा) एका अंगाला कलून उभी होती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

लेआउट एचओ, म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिमी. (आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, तिला ८७ ने भागलं तर १९ च्या वर जातं. म्हणजे माझी गाडी जरा अरुंद रुळांवर चालते. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.) खोलीच्या दोन भिंतींना धरून एल आकाराची फळी. खिडकीकडे कुळे, कोपऱ्यात कपाटाच्या वर कॅसलरॉक. खरा कुळे-कॅसलरॉक घाट १ ला ३७ चा, तोच चढ ठेवायचा हट्ट होता म्हणून ३ मीटर ७० सेंटिमीटरमध्ये रूळ १० सेंटिमीटर वर चढवलाय. मध्ये दूधसागर: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि उशीतला कापूस.

खेळ असा. कुळ्याला मालगाडीच्या शेपटीला बँकर, म्हणजे जादा इंजिन, लागतो, तो घाटभर ढकलतो. कॅसलरॉकला बँकर सोडायचा, गाडी पुढे पडद्याआड जाते आणि बँकर एकटाच खाली कुळ्याला परततो. यात मजा सोडण्यातच आहे आणि नेमका तोच कोपरा हाताला पोचत नाही. आजवर स्टुलावर चढून माडाच्या हिराने कपलर (डबे जोडणारे आकडे) सोडवत होतो. एकदा कोपर लागून दूधसागरचा अर्धा डोंगर खाली आला, तेव्हा ठरवलं की आता रिमोट.

कपलर केडी कंपनीचे आहेत, खाली वाकलेली लोखंडी पिन असलेले. स्लीपरखाली बसणारं इलेक्ट्रोमॅग्नेट मागवलं. वायरिंग अगदी साधं: १२ व्होल्टचा सप्लाय, टेबलाच्या कडेला एक टॉगल स्विच, तिथून सहा मीटर वायर कॉइलपर्यंत. स्विच वर केला की चुंबक चालू, गाडी सुटली की स्विच खाली.

त्या रात्री पाऊस धो धो. बँकर चुंबकावर आणला, स्विच वर केला आणि लाईट गेली. ही खोली इन्व्हर्टरवर नाही. दहा मिनिटं वाट बघितली, मग जेवलो, झोपलो. लाईट रात्री कधीतरी आली. स्विच वरच होता.

त्याच मापाची दुसरी कॉइल शिल्लक आहे, ती मल्टिमीटरवर ४.५ ओहम दाखवते. १२ भागिले ४.५, म्हणजे २.६७ अँपिअर, म्हणजे ३२ वॅट. मी कापसाच्या डोंगराखाली सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झोपलो होतो म्हणायचं.

हे परत होऊ नये म्हणून काय करू? आणखी एक दुखणं आहे. कॉइल धडधाकट होती तेव्हासुद्धा बँकर दहातून सहा वेळा सुटायचाच नाही. ते चुंबक कमी पडतंय की माझं काही चुकतंय?

सुशेगाद

वाचतोय. फोटू टाका. दूधसागरचा तर टाकाच.

म्हापशेकर

बाब, टॉगल हाच गुन्हेगार. अनकपलिंगला कायम दाबून धरायचंच बटण हवं, बोट उचललं की बंद. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन दाराच्या बेलचं बटण मागा. २३० व्होल्टला बनवलेलं असतं, तुमचे अडीच अँपिअर सहज झेपतील. माझ्याकडे अशी सहा बटणं एका जुन्या स्विचबोर्डावर ओळीने बसवलीत. पाहुण्यांची पोरं येऊन दाबतात आणि दार उघडायला कोणी जात नाही म्हणून रागावतात.

शिवाय कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. सांध्यांच्या (गाडीचा रूळ बदलणाऱ्या) मोटरींना मी तेच लावतो. कॉइल जळूच शकत नाही, कारण एका दाबात एकच झटका जातो.

ओहमराव

म्हापशेकरांचं अर्धं बरोबर, अर्धं नाही.

बेलचं बटण बरोबर. कपॅसिटर डिस्चार्ज युनिट इथे नको. सांध्याच्या मोटरीला सेकंदाच्या एका अंशाचा धक्का पुरतो: दांडा एका बाजूला फेकला की काम झालं. अनकपलिंगमध्ये चुंबकाने पिना *धरून* ठेवायच्या असतात. तेवढ्या वेळात गाडी इंचभर हलायला हवी, कपलर वेगळे व्हायला हवेत. दीड-दोन सेकंद हवेतच. झटका देऊन पिना एकदा फडफडतील आणि परत जागेवर येतील.

आता धागाकर्त्याला. तुमचा हिशोब ३२ वॅटचा नाही. वायर कुठली वापरलीत?

कुळ्याचा बँकर

टेलिफोनची. घरात गुंडाळी पडून होती. आत अर्ध्या मिलिमीटरची तार.

ओहमराव

वाटलंच. अर्धा मिमी व्यासाची तांब्याची तार म्हणजे जेमतेम ०.२ चौरस मिमी. मीटरला साधारण ०.०९ ओहम. जायला सहा मीटर, यायला सहा, म्हणजे वायरच एक ओहमच्या वर गेली. एकूण साडेपाच धरा. करंट २.१६ अँपिअर, कॉइलवर पोचले ९.७ व्होल्ट, उष्णता सुमारे २१ वॅट. (तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास, म्हणून आणखी थोडी कमी. पण प्लास्टिकला तेवढी पुष्कळ झाली.)

म्हणजे एकीकडे चुंबक पाचवा हिस्सा दुबळं आणि दुसरीकडे स्लीपर वितळवण्याइतकं गरम. घरातल्या वायरिंगची १ चौरस मिमीची वायर टाका. तीच १२ मीटर तेव्हा ०.२१ ओहम होते आणि कॉइलला साडेअकरा व्होल्ट मिळतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. कोणीतरी आता "फ्यूज टाका" म्हणेल. फ्यूज इथे काही करणार नाही. शॉर्ट झाला तर करंट वाढतो, फ्यूज ते ओळखतो. तुमची कॉइल जळाली तेव्हा करंट वाढलाच नव्हता, रोजचाच होता. चुकला तो वेळ. वेळेवर नजर ठेवणारं काहीतरी सर्किटमध्ये हवं. बेलचं बटणसुद्धा पुरं नाही. आतली पत्ती चिकटली, किंवा कोणी त्यावर पुस्तक ठेवलं, की गाडी मूळ पदावर.

सुशेगाद

"फ्यूज टाका" असं लिहायलाच आलो होतो. :)

कुळागरातला कोडर

एवढा व्याप कशाला? ईएसपी८२६६ चा छोटा वायफाय बोर्ड, एक रिले मॉड्यूल, फोनवर एक पान. बटण दाबलं की दोन सेकंद रिले चालू, मग बंद. कोड वीस ओळींचा. माझ्याकडे सुपारीच्या बागेतला पंप असाच चालतो.

ओहमराव

पंप दोन मिनिटं जास्त चालला तर सुपारीला पाणी जास्त मिळेल. इथे लेआउटखाली कापूस आहे.

स्वस्तातली बरीच रिले मॉड्यूल उलटी चालतात: पिन खाली गेली की रिले चालू. बोर्ड सुरू होताना काही पिना क्षणभर कशाही असतात, तेवढ्यात रिले ओढली जाते. तो क्षण गेला तर ठीक. पण बोर्ड वायफाय शोधत अडकला किंवा अर्ध्यातच लटकला तर? कोडमधला टायमर आणि लटकलेला बोर्ड एकाच वेळी लटकतात. फोनवरून चालवायची हौस असेल तर जरूर चालवा, पण दोन सेकंदांची मर्यादा बोर्डाच्या बाहेर, वेगळ्या टायमरकडे द्या. ईएसपीने फक्त "आता" म्हणायचं, "कधीपर्यंत" हे त्याला ठरवू द्यायचं नाही.

कुळागरातला कोडर

मान्य. पंपाचंही आता तपासतो.

तारवट्याचा भाचा

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण याच धाग्यात विचारतो. मामा बोटीवर होता. त्याने अमेरिकेतून आणलेला लायोनेलचा जुना सेट माळ्यावर सापडला. तीन रुळांची गाडी. त्यात ६०१९ नंबरचा ट्रॅकचा तुकडा आहे: मधल्या रुळाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटे रूळ आणि मधोमध चुंबक. चार तारांची चपटी केबल, टोकाला दोन बटणांची डबी, एक डबे सोडायला आणि एक माल खाली करायला. केबल वाळून पापडासारखी तडकतेय. कॉइलवर डायोड लावतात असं ऐकलंय, तो मी याच्या चुंबकावर लावू का?

म्हापशेकर

कॉइल आली की डायोड आलाच. १एन४००७. रुपया-दोन रुपयांत मिळतो. लावून टाका.

ओहमराव

थांबा! लावू नका!

लायोनेलची ती गाडी एसीवर चालते. एसी कॉइलच्या दोन टोकांत डायोड आडवा लावला की प्रत्येक अर्ध्या फेरीत तो सरळ शॉर्ट होतो. डायोड फुटेल, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापेल. आडवा डायोड फक्त डीसी कॉइलला. बटण सोडल्यावर कॉइल उलटा व्होल्टेज फेकते आणि बटणाच्या पत्तीवर ठिणगी उडते, ती तो गिळतो. त्याची पट्टी प्लसच्या बाजूला.

केबल मात्र बदला. चारही तारा एकेक करून, जुनी काढली की लगेच नवी. सगळ्या एकदम काढल्या की कुठली कुठे होती हे आठवत नाही, मी हे भोगलंय. दोन तारा त्या छोट्या रुळांना, एक मधल्याला आणि एक बाहेरच्याला जाते, मल्टिमीटर लावून कागदावर लिहून ठेवा.

आणि सर्वांत आधी: तो अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर सरळ घालू नका. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेपडाउन लावला तरी आपली फ्रीक्वेन्सी ५० आहे, त्यामुळे लोखंडाचा गाभा जास्त तापतो. १२० ला ५० ने गुणून ६० ने भागा: १०० येतात. १०० व्होल्ट देणारा स्टेपडाउन मिळाला तर उत्तम.

तारवट्याचा भाचा

देव बरें करूं, ओहमराव. मामाच्या आत्म्याचेही आभार पोचले समजा.

म्हापशेकर

माझा प्रतिसाद मागे घेतो. मी डीसीवाला माणूस.

फोंड्याची मावशी

तुम्ही सगळे कॉइलच्या मागे का लागलात कळत नाही. आमच्या घरच्या लेआउटवर (नातवाचा म्हणायचा, खेळतात यजमान) वीजच नाही लावली. फळीला खालून एक बिजागरी, बिजागरीवर लाकडाचा तुकडा, तुकड्यावर दोन कायमचे चुंबक. त्याला सायकलच्या ब्रेकची तार, तार फळीखालून पुढे आणून एक कपाटाची मूठ. मूठ ओढली की चुंबक रुळाखाली वर येतो, सोडली की स्वतःच्या वजनाने खाली पडतो. लाईट गेली काय, आली काय. खर्च ब्रेकच्या तारेचा.

ओहमराव

मावशी, याला तोड नाही. मनापासून सांगतो. सहा मीटर आणि एक कोपरा असेल तर तार जरा अडते, पण सरळ दोन मीटरला हेच उत्तम.

एक सूचना, इतरांसाठी: केडीच्या कपलरला कुठलंही चुंबक कसंही ठेवून चालत नाही. दोन पिनांना *एकमेकींपासून दूर*, रुळांकडे ओढायचं असतं. म्हणून चुंबकाचे ध्रुव रुळांना समांतर, दोन लांब कडांना हवेत. बोल्टवर तार गुंडाळून मधोमध उभा केला तर दोन्ही पिना मध्येच ओढल्या जातील आणि कपलर उलट घट्ट बसेल. मावशींनी दोन चुंबक ठेवलेत ते उगीच नाहीत.

फोंड्याची मावशी

यजमानांनी आधी एकच ठेवला होता. तीन दिवस बोलत नव्हते.

कुळ्याचा बँकर

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. पाऊस कमी होईना, त्यामुळे घरातच बसून काम केलं.

मावशींची तार मनात फार भरली, पण माझ्या वाटेत कपाट आहे आणि दोन ठिकाणी ९० अंशांचं वळण. म्हणून कॉइलच ठेवली, वर टायमर चढवला. ओहमरावांशी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून केलेलं सर्किट इथे लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

५५५ ची आयसी, एकदाच टिक् करणारी. वेळेचं सूत्र १.१ गुणिले रोध गुणिले कपॅसिटर. १०० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड घेतले, २.४ सेकंद येतात. सहा आणि सात नंबरची पिन एकत्र करून त्या जोडीला, चार आणि आठ प्लसला, एक मायनसला, पाच नंबरवरून १०३ चा कपॅसिटर मायनसला. तीन नंबरवरून १०० ओहममधून आयआरएफझेड४४एन मॉस्फेटच्या गेटला, गेटवरून १० किलोओहम मायनसला. कॉइल प्लस आणि ड्रेनच्या मध्ये, तिच्यावर डायोड, पट्टी प्लसकडे. माझी कॉइल डीसीवर आहे हे पुन्हा सांगतो, तारवट्याच्या भाच्याने नक्कल करू नये.

इथे मी एक घोळ केला. बटण सरळ दोन नंबरच्या पिनेला लावलं आणि बायकोला म्हटलं, बघ, कितीही वेळ दाबून धर, २.४ सेकंदांत बंद होणार. तिने धरलं. बंद होईना. ५५५ ची दोन नंबरची पिन खालीच राहिली तर वेळ संपल्यावरही तो सोडत नाही! म्हणजे पुस्तक ठेवलं की पुन्हा तेच. मग बटण आणि पिन यांच्या मध्ये १०४ चा छोटा कपॅसिटर घातला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० किलोओहम प्लसला नेले. आता बटण दाबल्याचा फक्त पहिला क्षण आयसीला कळतो. बायकोने पूर्ण एक मिनिट धरून ठेवलं, घड्याळ लावून. कॉइल २.४ सेकंदांनी गप्प.

५५५ ला सप्लाय एका डायोडमधून आणि १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरून दिलाय, नाहीतर कॉइल ओढली की व्होल्टेज क्षणभर बसतं आणि आयसी भांबावते. लाईट परत येते तेव्हा कधीकधी एकदा आपोआप टक् होतं. २.४ सेकंद, मग शांत. तेवढं चालतं.

सप्लाय १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, चवथीच्या मखराच्या एलईडी पट्टीचा. चवथीला परत द्यायचा आहे असं घरातून बजावण्यात आलंय. रुळांच्या कंट्रोलरचा सप्लाय अजिबात वापरला नाही, कारण आधी चुंबक चालू केलं की इंजिन दचकायचं. वायर १ चौरस मिमीची टाकली. मोजले: कॉइलवर ११.४ व्होल्ट.

आणि आता रडगाणं. एवढं सगळं करूनही बँकर दहातून पाच वेळाच सुटतो. कॉइल जोरदार ओढते, पिना हलताना दिसतात, पण कपलर एकमेकांना सोडत नाहीत.

सुशेगाद

पाच म्हणजे आधीपेक्षा एकने बरं झालं. प्रगती आहे.

म्हापशेकर

पिना गंजल्यात का बघा. आपल्या पावसाळ्यात लोखंडाच्या कुठल्याही वस्तूवर तांबूस पूड येते. माझ्या स्टीलच्या रुळांना जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पुसावं लागतं, म्हणून सगळे निकेल सिल्व्हरचे केले. कपलरला तेल मात्र घालू नका, धूळ चिकटते. ग्राफाइटची कोरडी पूड.

ओहमराव

पिनेची उंचीही बघा. खाली रुळाच्या डोक्याला जवळजवळ टेकेल इतकी हवी, घासली नाही म्हणजे झालं. आणि चुंबक सरळ रुळावर आहे ना? वळणावर किंवा सांध्याला लागून असेल तर कपलर तिरके राहतात.

कुळ्याचा बँकर

सरळच आहे. पिना चकचकीत. उंची केडीच्या मापपट्टीने लावली. ग्राफाइट आज घातलं, म्हणजे बायकोच्या पेन्सिलीचं टोक किसून. तरीही पाच.

जुना पॉइंट्समन

नमस्कार. तुमच्या वीजेतलं मला काही कळत नाही. रेल्वेत होतो, घाटातल्या गाड्यांची कपलिंगं खूप लावली आणि सोडवली. एक विचारतो: बँकर सोडायच्या वेळी गाडी काय करत असते?

कुळ्याचा बँकर

काका, असं आहे. माझा लेआउट साध्या डीसीवर आहे, दोन इंजिनांना वेगवेगळं चालवता येत नाही. म्हणून कॅसलरॉकला शेवटचा दीड फूट रूळ वेगळा तोडलाय, त्याला स्वतंत्र स्विच. बँकर त्या तुकड्यावर आला की तो स्विच बंद करतो. बँकर थांबतो, पुढचं इंजिन गाडी ओढत राहतं, मी लगेच चुंबकाचं बटण दाबतो.

जुना पॉइंट्समन

मग कसं सुटेल?

पुढचं इंजिन ओढतंय, मागचं उभं आहे. कपलिंग ताणलेलं. खऱ्या वाघिणीच्या सेंटर बफर कपलरला ताण असताना हँडल उचलायला जा, दोन माणसं लटकली तरी कुलूप वर येत नाही. जबडे एकमेकांत अडकून बसलेले असतात. आम्ही ड्रायव्हरला हात दाखवायचो: थोडं दाब. इंजिन इंचभर मागे यायचं, जबडे सैल पडायचे, मग एका हाताने हँडल वर. पोरगं पण उचलेल.

तुमच्या चुंबकाचा दोष नाही. गाडी पूर्ण उभी करा. पुढच्या इंजिनाला किंचित मागे घ्या, बँकरवर टेकू दे. *मग* बटण. मग पुढे.

ओहमराव

मी इथे दोन पानं व्होल्ट मोजत बसलो होतो.

कुळ्याचा बँकर

काका!!

आत्ताच करून बघितलं. गाडी थांबवली, कंट्रोलर उलटा करून अगदी जरासं मागे, गाडी बँकरवर टेकली. बटण. कॉइलचा टक् आवाज. मग पुढे. शेवटची वाघीण बँकरपासून अशी अलगद सुटली की मला आधी कळलंच नाही. दहातून दहा. मग वीसातून एकोणीस. एकदा नाही सुटली ती, कारण एक वाघीण स्वतःहून सरकून चुंबकावर गेली. तिचा आस स्टीलचा आहे, चुंबक तिला ओढून घेतं. पितळी आस टाकणार.

म्हणजे चार वाघिणींची गाडी कॅसलरॉकहून पडद्याआड गेली, मग रूळ चालू करून बँकर एकटाच दूधसागरवरून खाली आला. स्टुलाची गरज नाही, हिराची गरज नाही. बायकोने स्वतः तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं की याला एवढे दिवस का लागले.

दूधसागरसह फोटो टाकतोय, सुशेगाद यांच्या आग्रहावरून.

सुशेगाद

अखेर! कापूस मात्र जरा पिवळा पडलाय.

कुळ्याचा बँकर

त्या रात्रीच्या धुराने. पावसाळ्यात दूधसागर मातकट असतो असं मी सांगतो लोकांना.

फोंड्याची मावशी

यजमान म्हणतात आमच्याकडेही मूठ ओढण्याआधी गाडी थोडी मागे घेतात, पण का ते त्यांना आज कळलं.

जुना पॉइंट्समन

फोटो बघितला. छान आहे. एकच गोष्ट राहिली. बँकर सुटल्यावर गाडीची शेवटची वाघीण तीच, पण तिच्या मागे एल.व्ही.ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी नाही. पाटी दिसल्याशिवाय पुढचा स्टेशन मास्तर गाडी पूर्ण आली असं मानणार नाही. एखादी वाघीण घाटातच राहिली असेल तर?

कुळ्याचा बँकर

बरोबर आहे काका. कार्डपेपर आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन बसलोय. तांदळाच्या कणीएवढ्या पाटीवर दोन अक्षरं. तिसरी पाटी आत्ताच शिंकेसरशी उडाली.